प्रज्ञाच्या अर्जातली गाय

माझ्या मुलीला क्षयरोग झालेला नाही, हे मी बेंगळुरूच्या एका मोठ्या शिक्षणसंस्थेला लेखी कळवलेलं आहे. त्यांनी विचारलं नव्हतं.

मी हदगावला पंचायत समितीत वरिष्ठ सहाय्यक आहे. माझ्या टेबलावर अर्ज येतात. विहिरीचे, घरकुलाचे, गोठ्याचे, शिलाई मशीनचे. अर्जात सगळं चालतं, रिकामा रकाना चालत नाही. 'पतीचे नाव' सुटलं असेल तर मी अर्ज परत करतो, बाई अविवाहित असली तरी. (तिथं 'लागू नाही' असं लिहावं लागतं. नुसत्या आडव्या रेघेनं भागत नाही.) माझी बायको सुनंदा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. ती म्हणते, देवानं माणूस बनवताना तुमच्यात एक रकाना रिकामा ठेवला, तो अजून तुमच्या ध्यानात आला नाही. आम्ही देव मानत नाही, त्यामुळे हा टोला मला दोन बाजूंनी लागतो.

आमची एकुलती एक मुलगी प्रज्ञा. आमच्याकडे दहावीला बरे मार्क पडले की लेकरू लातूरला जातं. का जातं असं कुणी विचारत नाही. प्रज्ञाही गेली, वसतिगृहात राहिली आणि अकरावी संपता संपता तिनं सांगितलं, "पप्पा, मला डॉक्टर न्हाई व्हायचं. मला शास्त्र शिकायचंय. संशोधन करायचंय." हे ऐकून माझ्या छातीत जी धडधड सुरू झाली ती, खरं सांगायचं तर, अजून पूर्ण बसलेली नाही.

त्यात तिनं आणखी एक उद्योग केला. एका विद्यापीठानं बारावीच्या मुलांसाठी पदवीचे विषय आधीच घेऊन ठेवायची सोय काढली होती. म्हणजे लातूरच्या कॉलेजात बारावी चालू आणि त्याच वर्षी विद्यापीठाचा सहामाहीला एक विषय, ऑनलाइन. पुढं पदवीला ते गुण जमा होणार. मी हे ऑफिसात अभिमानानं सांगितलं. आमचे नाईक भाऊसाहेब चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "दोन ठिकाणी हजेरी? मग खरी कोणती?"

"दोन्ही खऱ्या."

"आपल्याकडं दोन मस्टरवर नाव सापडलं तर निलंबन होतंय," ते म्हणाले आणि चहा प्यायला लागले. त्यांचा चहा संपला, माझी काळजी तिथून सुरू झाली.

पहिल्या सहामाहीत प्रज्ञानं पर्यावरणाचा विषय घेतला. दुसऱ्या सहामाहीच्या विषयांची यादी दिवाळीनंतर निघणार होती. आणि बेंगळुरूच्या त्या संस्थेचा अर्ज भरायची मुदत दिवाळीआधी संपत होती. अर्जात विचारलं होतं: बारावीच्या वर्षी तुम्ही कोणकोणते विषय शिकत आहात आणि शिकणार आहात, दोन्ही ठिकाणचे, सहामाहीनुसार लिहा. खाली लाल अक्षरांत तंबी होती, की पुढं यात बदल झाला आणि कळवला नाही तर प्रवेश रद्द होऊ शकतो. ती लाल ओळ मी इतक्या वेळा वाचली की डोळे मिटले तरी दिसायची.

मुदतीच्या शेवटच्या रविवारी सकाळी प्रज्ञाचा फोन आला. वसतिगृहाच्या रेक्टरबाई मुलींचे फोन कपाटात कुलूप लावून ठेवतात. सकाळी जरा वेळ आणि संध्याकाळी जरा वेळ, असा रविवारचा रतीब.

"पप्पा, अर्ज सगळा भरलाय. पासवर्ड पाठवलाय तुम्हाला. माझं नाव, तुमचं नाव, मम्मीचं नाव, एवढ्याची स्पेलिंग आधार कार्डासारखी हाय का ते फक्त बगा. बाकी कशाला हात लावू नका. संध्याकाळी फोन मिळाला की मीच पाठवते."

"हाव."

"हात लावू नका, पप्पा."

"अगं हाव म्हणलं ना."

फोन स्पीकरवर होता. सुनंदा बाजूला मेथी निवडत बसली होती. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं ती साक्षीदार झाली.

नावं बरोबर होती. तिथंच मी थांबायला हवं होतं. पण अर्ज समोर उघडा आहे आणि मी पूर्ण तपासला नाही, असं माझ्या नोकरीत कधी झालेलं नाही. मी खाली सरकत गेलो. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, गणित, इंग्रजी. मग विद्यापीठाचा भाग. पहिली सहामाही: पर्यावरण. दुसरी सहामाही: टी, बी, डी.

एवढंच. तीन इंग्रजी अक्षरं.

मी सुनंदाला हाक मारली. "हे बग. टीबीडी. हा कोणता विषय?"

तिनं मेथीची जुडी हातात घेऊनच वाकून बघितलं. "टीबीचं काही असंल. आरोग्याचा विषय असंल."

"मग डी कशाचा?"

"डिसीजचा."

विषयाच्या जागी आजाराचं नाव. प्रज्ञानं चुकून भलत्याच रकान्यातली माहिती इथं लिहिली असावी. पण मग भलत्या रकान्यात तरी ही माहिती का होती? मागच्या सुट्टीत घरी आली तेव्हा ती जरा खोकत होती. वसतिगृहातलं जेवण, एका खोलीत चार मुली. पोरीनं आमच्यापासून लपवलं आणि अर्जात खरं लिहिलं? आमच्या घरात खरं लिहायची सवय आहेच, ती माझ्याकडून गेलेली.

"तिला फोन लावा," सुनंदा म्हणाली. आता तिचाही आवाज बदलला होता.

फोन कपाटात. रेक्टरबाईंचा नंबर व्यस्त. आणि तेवढ्यात पडद्यावर चौकट आली, की बराच वेळ तुम्ही काही केलेलं नाही, थोड्याच वेळात तुम्हाला बाहेर काढण्यात येईल. मला वाटलं, सगळा भरलेला अर्ज जाणार. पोरीची महिन्याभराची मेहनत. मी काहीतरी करायचं म्हणून ती तीन अक्षरं खोडली.

खोडल्यावर रकाना लाल झाला. रिकामा रकाना. माझ्या मुलीच्या अर्जात.

"अहो, काय करून राहिलात? जे होतं ते परत लिहा," सुनंदा म्हणाली.

"टीबी लिहू? माझ्या हातानं?"

"मग लागू नाही लिहा."

"लागू कसं नाही? विषय तर घ्यायचाच आहे. खोटं लिहू?"

असं म्हणणाऱ्या माणसानं पुढच्या काही मिनिटांत गाईएवढं खोटं लिहिलं, ते असं.

सुनंदाचा भाऊ विलास देवणीला असतो. देवणी जातीची जनावरं पाळतो, प्रदर्शनांत फिरवतो आणि कुठल्याही प्रश्नावर त्याचं मत ताबडतोब तयार असतं. मला त्या क्षणी तेच हवं होतं. मी फोन लावून परिस्थिती सांगितली.

"दाजी, त्यात काय एवढं? पशुसंवर्धन टाका."

"ती कुठं पशुसंवर्धन शिकते?"

"शिकंल की. मामाचं घर कशाला हाय? लोकं लांबून लांबून माझ्या गायी बघायला येऊन राहिलेत. बेंगलोरच्या लोकांला कळू द्या की पोरीला जनावराचं ज्ञान हाय. इंजिनेर, डॉक्टर तर सगळेच लिहितेत."

पडद्यावर आता आकडे उलटे धावत होते. मी इंग्रजीत 'पशुसंवर्धन' लिहिलं. रकाना हिरवा झाला. तो हिरवा रंग बघून मला जे समाधान वाटलं ते थोडक्यात सांगता येणार नाही. आकडे थांबावेत म्हणून मी खालचं बटण दाबलं. एक घोषणापत्र आलं, की वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी असून मीच भरलेली आहे. घोषणापत्र वाचून खूण करायची असते असं आमच्या ऑफिसात कुणी मानत नाही. मी खूण केली. पुन्हा बटण.

पडद्यावर रंगीत कागद उडाले. प्रज्ञा, तुमचं अभिनंदन, असं आलं.

"बग," मी सुनंदाला म्हणालो, "अभिनंदन करून राहिलेत."

सुनंदानं नीट वाचलं. मग मेथी बाजूला ठेवली. "अहो, अर्ज गेला."

संध्याकाळी प्रज्ञाचा फोन आला. मी सगळ्यात आधी विचारलं, "तुला खोकला किती दिवसांपासून आहे?"

"कसला खोकला?"

"बाळा, आमच्यापासून लपवू नको. टीबी आजकाल बरा होतोय."

ती आधी हसली. मग मी पुढचं सांगितलं आणि ती हसायची थांबली. पलीकडून नुसता वसतिगृहाच्या जेवणघरातला ताटांचा आवाज येत राहिला. मला तिचं ओरडणं चाललं असतं.

"पप्पा," ती शेवटी म्हणाली, "टीबीडी म्हणजे टू बी डिसाइडेड. अजून ठरायचंय. सगळे तसंच लिहितेत. त्यांनीच वर लिहिलं होतं की ठरलं नसंल तर असं लिहा."

वर लिहिलं होतं. मी खाली सरकत आलो होतो.

"मग आता दुरुस्त कर ना."

"एकदा गेला की करता येत नाही. अन् विद्यापीठात पशुसंवर्धन हा विषयच नाही, पप्पा. मी नसलेला विषय शिकणार हाय असं तुम्ही लिहून दिलंय." एवढं बोलून तिनं फोन ठेवला. वेळ संपली होती की तिनं ठेवला, हे मी आजवर विचारलेलं नाही.

त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. ती लाल ओळ डोळ्यांपुढं यायची. बदल न कळवल्यास प्रवेश रद्द. मी ऑफिसात बसून विचार केला आणि मला वाटलं, यातून सरळ मार्ग एकच आहे. अर्जात आहे तो विषय विद्यापीठानं सुरू करावा. म्हणजे बदल होणारच नाही.

नांदेडला त्या विद्यापीठाचं एक केंद्र होतं. मी रजा टाकून बसनं गेलो. अर्ज घरूनच नीट लिहून नेला होता. विषय: पशुसंवर्धन हा विषय दुसऱ्या सहामाहीपासून सुरू करणेबाबत. खिडकीत माझ्याच वयाचे एक गृहस्थ होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कानाला पेन. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. त्यांनी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला, उलटून मागची कोरी बाजूही बघितली.

"सहपत्र कुठं हाय?"

"कशाचं?"

"विद्यार्थ्याचं मागणीपत्र. विद्यार्थ्याला हा विषय पाहिजे, असं त्याच्या सहीचं."

"विद्यार्थिनी आहे. तिला नकोय."

त्यांनी चष्मा वर केला. "मग कुणाला पाहिजे?"

"तसा कुणालाच नको. तुम्ही फक्त सुरू करायचाय."

मागच्या रांगेतली एक मुलगी फोनवर कुणाला तरी 'थांब, इथं मजा चालू हाय' असं हळूच म्हणाली. मग त्यांनी कानाचं पेन काढलं, अर्जाच्या कोपऱ्यात लिहिलं, 'त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे', आणि अर्ज माझ्या हातात दिला. हे वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांवर लिहीत आलो. आपल्या अर्जावर ते किती लांबलचक दिसतं, ते मला त्या दिवशी कळलं.

परतीच्या बसमध्ये मी ठरवलं, आता थेट बेंगळुरूला लिहायचं. इंग्रजी माझं बेताचं, म्हणून मराठीत पक्का मसुदा केला आणि फोनवरून त्याचं इंग्रजी करून घेतलं. मसुदा असा: 'उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, सदर मुलीस क्षयरोग नाही. सबब टीबीडी वगळण्यात आले होते. पशुसंवर्धन हे पालकाच्या नजरचुकीने समाविष्ट झाले आहे. सदर मुलगी विषयाबाबत अद्याप विचाराधीन आहे. तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.' वाचून मला स्वतःलाच गहिवरून आलं. बस बारडला थांबली होती, तिथूनच पाठवून दिलं.

उत्तर लगेच आलं. लगेच म्हणजे मी फोन खिशात घालायच्या आत. 'तुमचा संदेश मिळाला. यथावकाश संपर्क करू.' इतक्या झटपट उत्तर येतंय म्हणजे तिथं कुणीतरी चिडून बसलंय, असा मी अर्थ काढला. घरी आल्यावर सुनंदानं ते इंग्रजी वाचलं. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं. एका ओळीवर ती थांबली.

"अहो, 'विचाराधीन'चं यांनी काय केलंय बघितलं का?"

"काय?"

"अंडरट्रायल. म्हणजे कच्ची कैदी. सदर मुलगी विषयाच्या बाबतीत कच्ची कैदी हाय. खटला चालू हाय तिच्यावर."

म्हणजे आता माझ्या मुलीला टीबी नव्हता, पण ती तुरुंगात होती आणि तिथं गाई पाळत होती.

एवढं होऊनही संस्थेनं प्रज्ञाला मुलाखतीला बोलावलं. मुलाखत रविवारी, ऑनलाइन. सुनंदा म्हणाली, बघा, त्यांनी तुमचं पत्र मनावर घेतलं नाही. मला वाटलं, मनावर घेतलं म्हणूनच समोर बोलावलंय. वसतिगृहातून मुलाखत देता येणार नव्हती. विलासच्या देवणीच्या घरी इंटरनेट चांगलं होतं आणि वरच्या मजल्यावर एक शांत खोली होती. लातूरहून प्रज्ञा, हदगावहून आम्ही दोघं, असे सगळे आदल्या दिवशी देवणीला पोचलो. प्रज्ञा माझ्याशी बोलत होती, पण 'हाव' आणि 'न्हाई' एवढंच.

देवणीच निवडण्यामागं माझा आणखी एक विचार होता, तो मी विलासलाच तेवढा सांगितला होता. उद्या त्यांनी पशुसंवर्धनाबद्दल विचारलंच, तर काहीतरी जवळ असावं. रिकाम्या हातानं कुठल्याही साहेबापुढं जाऊ नये.

सकाळी प्रज्ञा चहाचा कप घेऊन गच्चीत आली आणि तिनं अंगणात बघितलं. खाली विलासची गाय बिजली उभी होती. पांढरं अंग, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. धुऊन पुसून लखलखीत केलेली, शिंगांना लाल रंग, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर झूल.

"मामा, आज पोळा हाय का?"

"न्हाई गं. दाजी म्हणले, मुलाखतीला लागली तर असू दे. काळ्या तोंडाची ही वानेरी. सगळी पांढरी असली तर बाळंक्या अन् ठिपक्याठिपक्याची असली तर शेवरा. एवढं ध्यानात ठेव, बास हाय."

प्रज्ञानं कप कठड्यावर ठेवला आणि माझ्याकडं वळली. मला वाटलं, आता ओरडणार. ती हळूच बोलली.

"पप्पा, मी खोटं बोलणार न्हाई. मला ठरवता येत नव्हतं म्हणून मी तसं लिहिलं नव्हतं. अजून यादीच आली नव्हती, म्हणून लिहिलं होतं. ठरलं नसणं ही काय चूक न्हाई."

माझ्या आयुष्यात न ठरलेलं असं काही नव्हतंच. नोकरी वडिलांच्या जागी अनुकंपा तत्त्वावर मिळाली, लग्न मामानं जमवलं, बदल्या साहेबांनी केल्या. ठरायचं बाकी आहे, असं म्हणून शांत बसणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होतो आणि तो माझ्याच घरात वाढला होता.

मुलाखत सुरू झाली. प्रज्ञा आत, दार बंद. आम्ही तिघं बाहेर. मी दाराला कान लावून, सुनंदा जिन्याच्या पायरीवर डोळे मिटून, विलास कठड्यापाशी खालच्या गाईला डोळ्यांनी दटावत. आत एक तरुण सर आणि एक वयस्कर मॅडम होत्या. इंग्रजी चाललं होतं. प्रज्ञाचा आवाज आधी बारीक होता, मग मोकळा झाला. नदीच्या पाण्याबद्दल, कसल्यातरी आकडेवारीबद्दल ती बोलत होती. तिला एवढं बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं. माझ्याशी बोलताना तिला कधी एवढी जागा मिळालीच नसेल.

आणि खाली बिजली हंबरली.

आधी एकदा. मग तिला स्वतःचा आवाज आवडला असावा, कारण तिनं लांबलचक सूर लावला. विलास जिन्यावरून खाली धावला, त्याबरोबर ती बिथरली आणि घुंगरमाळही वाजायला लागली.

आतून मॅडमचा प्रश्न आला. इंग्रजी सोपं होतं, मलाही कळलं. "हे तुझं पशुसंवर्धन का?"

प्रज्ञा म्हणाली, "नाही मॅडम. ती माझ्या मामाची गाय आहे. पशुसंवर्धन माझ्या वडिलांचं आहे."

मग तिनं सगळं सांगितलं. टीबीडी, खोकला, बटण, सगळं. विद्यापीठाची यादी आता आलेली आहे, मी सांख्यिकी आणि प्राणिवर्तन यात अडकले होते, आता सांख्यिकी घेतेय, कारण नदीच्या कामाला ते लागेल. एकाही वाक्यात तिनं माझ्यावर राग काढला नाही. नुसतं जसं झालं तसं सांगितलं.

"वडील आहेत का तिथं?" मॅडमनी विचारलं. "बोलवा."

दार उघडलं. प्रज्ञानं मला हातानं खूण केली. मी वर इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खाली लुंगी, कारण मुलाखत माझी नव्हती. पडद्यासमोर गेलो, नमस्कार केला आणि खुर्ची असूनही उभाच राहिलो. त्यामुळे त्यांना बराच वेळ माझी लुंगीच दिसत होती, असं प्रज्ञानं नंतर सांगितलं.

"बसा," मॅडम म्हणाल्या. मराठीत. त्यांचं माहेर भालकीकडचं निघालं, बोलण्यात कन्नडचा हेल होता. "तुमचं पत्र आम्ही वाचलो. सगळेजण वाचलो. कच्ची कैदी म्हणजे काय ते काही कळलं नाही बघा."

मी सांगायचा प्रयत्न केला. तरुण सरांनी तोंडावर हात ठेवला होता.

"एक सांगा," त्या म्हणाल्या. "आम्हीच लिहिलंय की ठरलं नसेल तर तसं लिहा. तुम्ही का खोडलात?"

मला घरी पाठ केलेलं एक वाक्य होतं. ते त्या वेळी आठवलं नाही. जे आलं ते बोललो. "मॅडम, मी ऑफिसात रिकाम्या रकान्याचे अर्ज परत करतो. किती केले असतील सांगता येणार नाही. परत गेलेला माणूस कसा जिना उतरतो ते मला खिडकीतून दिसतं. माझ्या पोरीचा परत येऊ नये, एवढंच डोक्यात होतं."

प्रज्ञा माझ्या खुर्चीमागं उभी होती, तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. अर्ज गेल्यापासून पहिल्यांदाच.

"अर्ज तुमचा नाही ना पण," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

"नाही."

"मग आता बाहेर बसा. आम्हाला तिच्याशी अजून बोलायचंय."

मी बाहेर आलो. दार लावून घेतलं आणि या वेळी कान लावला नाही. जिन्यावर सुनंदाशेजारी जाऊन बसलो. खाली विलास बिजलीच्या शिंगांचा रंग पुसत होता. तो निघत नव्हता.

निकाल यायला बरेच दिवस गेले. प्रज्ञानं सांख्यिकी घेतलं आणि बदल संस्थेला स्वतः कळवला, दोन ओळींत. मला दाखवला, पण पाठवून झाल्यावर. बारावी झाली आणि उन्हाळ्यात एका दुपारी तिला प्रवेश मिळाल्याचं कळलं. सुनंदा रडली. मी पत्र वरपासून खालपर्यंत वाचलं, वरच्या सूचनांसकट.

बेंगळुरूला तिला सोडायला गेलो तेव्हा पहिल्याच दिवशी संस्थेनं पालकांसाठी एक तास ठेवला होता. विषय होता, मुलांना त्यांचे निर्णय घेऊ द्या. यायचं की नाही हे पालकांच्या मर्जीवर होतं. मी म्हणालो, आपण तेवढ्या वेळात गादी आणि बादली घेऊन येऊ. प्रज्ञा म्हणाली, "न्हाई पप्पा, तुमचं नाव नोंदवलंय मी."

सभागृह भरलं होतं. व्याख्यान देणाऱ्या बाईंनी सुरुवातीलाच हसत विचारलं, "तुमच्यापैकी किती जणांनी मुलाचा अर्ज स्वतःच भरून पाठवला? खरं सांगा, हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. मी इकडंतिकडं बघून घेतलं आणि माझाही हात मांडीवरच ठेवला. सुनंदानं तो मनगटाला धरून वर केला.